बटणं परत द्या: गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

भारतात गाड्या बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या डिझाइनवाल्यांना, मार्केटिंगवाल्यांना आणि त्यांच्या वर बसून "हो, करा" म्हणणाऱ्या साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

मी वाईची. शिरवळला एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, अकरा वर्षं झाली. रोज जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास किलोमीटर होतात, गाडीत माझ्यासकट चौघं असतो, पेट्रोल वाटून घेतो. सकाळी खंबाटकीचा बोगदा, संध्याकाळी खंबाटकीचा घाट. गाडी म्हणजे माझ्यासाठी रविवारी फडक्याने पुसून फोटो काढायची गोष्ट नाही, कामावर जायची वस्तू आहे, जेवणाच्या डब्यासारखी. हे आधीच सांगते कारण तुमच्या जाहिरातीतला माणूस कायम मोकळ्या रस्त्यावर एकटा असतो आणि हसत असतो, त्याच्या मागच्या सीटवर ओली छत्री घेऊन कोणी बसलेलं नसतं.

आमच्याकडे आधी एक छोटी हॅचबॅक होती, चौदा वर्षं चालवली. दोन वर्षांपूर्वी तुमच्यापैकी एका कंपनीची नवी गाडी घेतली, कर्ज काढून. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण शेजाऱ्यांची दुसऱ्या कंपनीची आहे आणि माझ्या नणंदेची तिसऱ्याच, आणि तिघांचं रडगाणं एकच आहे. (शोरूममध्ये सेल्समन सगळी माहिती माझ्या नवऱ्याला देत होता, त्याला गाडी येत नाही, चेक माझा होता, असो.)

तर झालं असं. गेल्या जुलैत एका संध्याकाळी निघायला उशीर झाला, सात वाजले असतील. गेटपासून पार्किंगपर्यंत जाताना चौघंही भिजलो. शिरवळ सोडलं तेव्हाच पाऊस असा की वायपर फुल स्पीडला, पारगाव खंडाळा मागे टाकून घाटाला लागलो आणि एका मिनिटात समोरची काच आतून धुरकट झाली. यात नवल काही नाही, चार ओली माणसं, चार श्वास, बंद काचा, बाहेर गारठा. जुन्या गाडीत याला उपाय होता, डावा हात खाली न्यायचा, एक नॉब उजवीकडे फिरवायचा, त्याच्या शेजारचा ब्लोअर चारवर टाकायचा, एसीचं बटण दाबायचं. चौदा वर्षांत मी त्या नॉबकडे एकदाही बघितलेलं नाही. हाताला माहीत होतं.

नव्या गाडीत तिथे काळी चकचकीत पाटी आहे. मी स्क्रीनकडे बघितलं, खाली पंख्याचं चित्र असतं ते शोधलं, बोट लावलं, बोट ओलं होतं, स्क्रीनला कळलं नाही. परत लावलं. आता कळलं पण भलतंच कळलं, गाडीच्या आतले लाईट जांभळे झाले. तोपर्यंत समोरच्या ट्रकचे मागचे दिवे म्हणजे काचेवर पसरलेलं कुंकू. मागून आमच्यातली एकजण पुढे वाकून ओढणीने काच पुसायला लागली, तिचा हात माझ्या डोळ्यांपुढे. मी खिडकी खाली केली, मान बाहेर काढली आणि तशीच भिजत गाडी चढवत नेली, वर देवळापाशी जरा जागा आहे तिथे बाजूला घेतली. मग शांतपणे, रुमालाला बोट पुसून, तीन वेळा दाबून काच साफ केली. आत जांभळा उजेड तसाच, तो घालवायचा कसा ते आम्हाला घरी जाईपर्यंत सापडलं नाही.

चाळीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. आठ सेकंद मी स्क्रीनकडे बघत असेन, जास्तच, पण आठ धरा. अठ्ठ्याऐंशी मीटर. घाटात. एका बाजूला डोंगर, एका बाजूला कठडा, मागे कंटेनर.

दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवली. चार दिवसांनी फोन आला, आवाज गोड होता, हिंदीत सांगितलं की स्क्रीन कोरडी ठेवा आणि गाडी चालू करण्याआधी सेटिंग करून घ्या. म्हणजे पाऊस येणार, काच धुरकट होणार, हे मी शिरवळलाच ओळखून निघायचं. तक्रार बंद. बरं, इथवरही मी गप्प बसले असते, सवय असते आपल्याला. पण गेल्या महिन्यात रात्रीत गाडीला एक अपडेट आलं आणि सकाळी ते पंख्याचं चित्र त्या जागेवरून गायब. आता आधी एक मेनू उघडायचा, त्यात दुसरा, त्यात काच. मला कोणी विचारलं नाही. आणि त्याच आठवड्यात त्याच गाडीच्या नव्या मॉडेलची जाहिरात बघितली, उरलेली पाच बटणंसुद्धा काढून टाकलीत आणि वर लिहिलंय "क्लीन केबिन". म्हणून हे पत्र.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण तुम्हाला वाटेल बाईला टेक्नॉलॉजीची भीती वाटते. आमच्या प्रत्येक मोल्डिंग मशीनला टचस्क्रीन आहे, माझा अर्धा दिवस तिच्यापुढे जातो. टेम्परेचर, प्रेशर, टायमिंग, कुठल्या पार्टची कुठली सेटिंग, सगळं स्क्रीनवर आणि ते तिथेच बरं आहे, कारण ते मशीन थांबलेलं असताना निवांत करायचं काम. पण इमर्जन्सी स्टॉप? तो लाल, मशरूमच्या आकाराचा, पिवळ्या पाटीवर, तळहाताने दाबता येईल एवढा मोठा, आणि त्याची वायर स्वतंत्र. तो स्क्रीनच्या आत टाकू का, असं कोणी गमतीने जरी म्हटलं तरी आमचा सेफ्टी ऑफिसर त्याला घरी पाठवेल. हातमोजे असतात, हाताला तेल असतं, माणूस घाबरलेला असतो, तेव्हा बोटाने चित्र शोधत बसता येत नाही. ही अक्कल आमच्या शॉपफ्लोअरवर आयटीआय झालेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. ते मशीन तर जागेवर उभं असतं! तुमचं मशीन शंभरने पळतं.

आणि तुम्ही बटणं का काढता तेही मला थोडंफार कळतं, कारण आमच्याकडे तसलेच पार्ट निघतात. एका बटणाला मोल्ड लागतो, त्यावरची प्रिंट, आतला स्विच, वायरिंग, कनेक्टर, मग ते हजारो वेळा दाबून टिकतं का ते बघायचं. पाच मॉडेलला पाच तऱ्हा. त्यापेक्षा एक स्क्रीन सगळ्या गाड्यांत बसवायची, बाकीचं सॉफ्टवेअरवाला बघेल. स्वस्त पडतं, सोपं पडतं. ठीक आहे, धंदा आहे. पण मग ते आम्हाला "लक्झरी" म्हणून जास्त पैशांत विकू नका. माझ्या गाडीच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला अजून गोल नॉब आहेत. मी दोन लाख जास्त मोजून ते घालवलेत.

हे एकट्या माझं म्हणणं नाही. स्वीडनमध्ये वी बिलॅगरे नावाचं गाड्यांचं मासिक आहे, त्यांनी २०२२ मध्ये साधी परीक्षा घेतली. अकरा नव्या गाड्या आणि एक २००५ सालची जुनी व्होल्वो, बंद विमानतळावर ११० च्या स्पीडला चालवायच्या आणि चालवता चालवता रोजची चार कामं करायची, सीट गरम करणं, रेडिओ लावणं वगैरे. बटणांवाल्या जुन्या व्होल्वोत चारही कामं दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी तीनशे मीटर गेली. सगळ्यात वाईट निघालेल्या नव्या गाडीला पाऊण मिनिट लागलं, म्हणजे जवळपास १४०० मीटर. खाली बघत. १४०० मीटर म्हणजे आमच्या खंबाटकीचा अख्खा बोगदा आरपार होऊनही उरेल एवढं अंतर, आणि बोगद्यापुढच्या त्या एसच्या वळणावर किती गाड्या उलटल्यात ते साताऱ्याच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.

अमेरिकेच्या नेव्हीचं उदाहरण तर याहून मोठं आहे. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ त्यांची जॉन एस. मॅककेन ही युद्धनौका एका टँकरवर आदळली, दहा खलाशी गेले. चौकशीत निघालं की स्टीअरिंगचा कंट्रोल कुठल्या टेबलावर आहे हे टचस्क्रीनच्या गोंधळात खलाशांनाच कळलं नव्हतं, ट्रेनिंग कमी होतं हेही खरं. मग नेव्हीने ठरवलं की हाताने ओढायचे दांडे परत बसवायचे. युद्धनौकेवरच्या माणसांना बटण हवंसं वाटतं आणि मला घाटात नको, असं कसं.

युरोपात गाड्यांना स्टार देणारी यूरो एनकॅप आहे, तिने २०२६ पासून नियम बदललेत. इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि एसओएस (अडचणीत मदत मागायचं) यांना खरंखुरं बटण किंवा दांडी नसेल तर मार्क जाणार, पाच स्टार अवघड. फोक्सवॅगनच्या डिझाइनप्रमुखांनी २०२५ मध्ये उघड सांगितलं की महत्त्वाची बटणं परत आणतोय आणि ही चूक पुन्हा करणार नाही. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकाला तुम्ही बटण परत देणार, तिकडच्या नियमाला घाबरून, आणि तिकडे नको झालेल्या चकचकीत पाट्या इकडे "प्रीमियम" म्हणून येणार. हे आम्ही टीव्ही, फ्रीजच्या बाबतीत बघितलंय आधी.

आणखी एक गंमत. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, १८४ कलमात गाडी चालवताना हातात फोन धरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये आलं, १००० ते ५००० रुपये दंड. बरोबरच आहे. पण सहा इंचाचा फोन बघितला तर गुन्हा आणि तुम्ही बसवलेला बारा इंचाचा बघितला तर फीचर? मला चौकात हवालदाराने अडवलं आणि विचारलं की खाली काय बघत होता मॅडम, तर मी काय सांगू, एसी दोनवरून तीनवर करत होते?

आता हेडलाईट. हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण यात मी गाडीत बसलेली असतानाच नाही तर तुमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर असतानाही मरते.

माझे वडील पंचवीस वर्षं वाई-पाचगणी वडापची, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन प्रवासी नेणारी, जीप चालवायचे, पसरणी घाटातून, रात्री-अपरात्री. त्यांचे हेडलाईट आताच्या मानाने मेणबत्त्याच. पण घाटात एक शिस्त होती, चढाच्या गाडीला आधी वाट, आणि समोरून उजेड दिसला की डीम. नाही केलं तर समोरचा डिपर द्यायचा, मग लाजेने तरी करायचा. आता वडील चौऱ्याहत्तरचे आहेत, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, अजून दिवसा गावात गाडी चालवतात पण रात्री शेजारी बसले तरी समोरून एखादी मोठी एसयूव्ही आली की हात डोळ्यांवर धरतात. म्हणतात, "डिपर दे की गं त्याला." मी देते. समोरचा पण देतो, म्हणजे त्याचा तो अप्पर किती असतो ते तेव्हा कळतं, कारण जे आधी लावलं होतं ते त्याचं डीमच होतं!

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की रस्ता लहान, दोन्ही बाजूला झाडं, मधे दुभाजक नाही. दिवाळीच्या पुढेमागे कारखाने सुरू झाले की त्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागतात, मागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर तो लोंबणाऱ्या उसाच्या पाल्याखाली झाकलेला. अशा वेळी समोरून पांढरा फटक उजेड आला की पुढचे तीन-चार सेकंद मला काहीच दिसत नाही, आणि नेमकी त्याच काळोखात ट्रॉली असते. साठच्या स्पीडला तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर. ट्रॉलीवाल्याची चूक आहेच, त्याला रिफ्लेक्टर लावायला सांगायला हवं, ते वेगळं पत्र होईल. पण निदान माझे डोळे तरी मला ठेवा, म्हणजे मी त्याची चूक सांभाळून घेईन, रोज घेतेच आहे.

यात आमच्या लोकांचा वाटा आहे हेही कबूल करते. हॅलोजनसाठी बनवलेल्या घरात बाजारातला एलईडी बल्ब कोंबतात, उजेड वाटेल तिकडे फेकला जातो, आणि आरटीओ त्याला पकडत नाही. पण मी बोलतेय ते कंपनीतून बसून आलेल्या लाईटबद्दल. एक तर हॅलोजनचा पिवळसर उजेड ३००० केल्विनच्या आसपासचा, तुमचे एलईडी ६००० च्या घरात, निळसर पांढरे, पावसात आणि धुक्यात डोळ्यांवर येणारे. दुसरं, तुमच्या गाड्या दरवर्षी उंच होत चालल्यात, त्यामुळे एसयूव्हीचा दिवा बरोबर छोट्या गाडीवाल्याच्या आणि बाईकवाल्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतो.

आणि तिसरं, जे कोणालाच माहीत नाही. जुन्या गाडीत स्टीअरिंगच्या उजवीकडे खाली एक छोटं चाक असायचं, त्यावर ०, १, २, ३ लिहिलेलं. मागे तिघं बसले, डिकीत लग्नाचं सामान भरलं की गाडी मागे दबते आणि पुढचं नाक वर उचलतं, मग डीम लाईटसुद्धा समोरच्याच्या तोंडावर जातो, म्हणून चाक फिरवून उजेड खाली आणायचा. हे मला शोरूमने सांगितलेलं नाही, वाईच्या गॅरेजवाल्या काकांनी सांगितलं. ते अजून संध्याकाळी गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करतात, भिंतीवर खडूने रेघ मारतात, स्क्रूड्रायव्हरने लाईट रेघेच्या खाली आणतात, मागे दोन पोरं बसवून परत बघतात. पन्नास रुपये घेतात. नव्या गाडीत ते चाक पण तुम्ही स्क्रीनमध्ये टाकलंत, "व्हेइकल", मग "लाईट्स", मग "लेव्हल". माझ्याच कारपूलमधल्या तिघांच्या घरी गाड्या आहेत, एकालाही माहीत नव्हतं. डिलिव्हरीच्या दिवशी पेढा देता, मोठी चावी हातात देऊन फोटो काढता, सनरूफ उघडून दाखवता, त्यात दोन मिनिटं या चाकाला द्यायला काय होतं?

आवाजांबद्दल थोडक्यात. ८० च्या वर गेलं की वाजणारा बीप आणि १२० च्या वर सतत वाजणारा, तो जुलै २०१९ पासूनचा सरकारी नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही, सीटबेल्टच्या बीपबद्दल तर मुळीच नाही, वाजवा. पण लेन सोडली म्हणून बीप, बाईक कडेने गेली म्हणून बीप, फोन विसरलात का, थकलात का, कॉफी घ्या. हायवेवर जिथे काम चालू असतं तिथे जुने पट्टे आणि नवे पट्टे एकावर एक असतात, एकदा गाडीने जुना पट्टा खरा धरून स्वतःच स्टीअरिंग ओढलं, शेजारून एसटी चालली होती. ते बंद करायला चार वेळा दाबावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली की ते परत चालूच. सगळंच वाजत राहिलं की माणूस काहीच ऐकत नाही. आमच्या मशीनवर फालतू अलार्म जास्त झाले की ऑपरेटर भोंग्यावर कापडाचा बोळा बसवतो, मग खरा अलार्म आला तरी कोणाला कळत नाही. मी स्वतः असले बोळे काढत फिरलेय.

तुम्ही म्हणाल, हात कशाला, तोंडाने सांगा, व्हॉइस कमांड दिलंय. दिलंय. मराठी कळत नाही तिला. मी एकदा गडबडीत म्हटलं, "एसी वाढव", तर तिने माझ्या फोनमधल्या "एसी वाला" या नंबरला फोन लावला, आणि तो माणूस बिचारा रात्री पावणेआठला विचारतोय ताई काय बिघडलं. हिंदीत सांगितलं की कधी ऐकते, कधी मागे कोणी बोलत असलं की नाही. चाकण, तळेगाव, रांजणगाव, पिंपरी, या गाड्या बनतात कुठे? जी पोरं-पोरी तुमच्या लाईनवर डॅशबोर्ड बसवतात त्यातली निम्मी तरी घरी मराठीच बोलत असतील. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितलीय. पण हे मी भाषेच्या अभिमानाने म्हणत नाहीये, म्हणजे तोही आहे, पण मुद्दा असा की माणूस घाबरला की मातृभाषेत ओरडतो. तुमचं यंत्र फक्त शांत आणि इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचंच ऐकणार असेल तर ते सेफ्टी फीचर नाही.

गैरसमज नको म्हणून सांगते, स्क्रीन काढून टाका असं मी म्हणत नाहीये. रिव्हर्स कॅमेरा मला आवडतो, वाईच्या गणपती आळीत गाडी मागे घेताना त्याच्याशिवाय आता जमणार नाही. नकाशा हवा. एअरबॅग, एबीएस, सगळं हवं, जुन्या गाडीत यातलं काहीच नव्हतं आणि तिच्यात मी पोरांना बसवायचे हे आठवलं की आता अंगावर काटा येतो. या गोष्टींबद्दल तुमचे आभारच आहेत.

मागण्या साध्या आहेत, लिहून देते.

१. समोरची आणि मागची काच साफ करणं, वायपर, एसीचं टेम्परेचर आणि पंखा, हेडलाईट आणि त्याची लेव्हल, हॅझर्ड, हॉर्न, आवाज कमी-जास्त. एवढ्यांना हाताला लागणारं, न बघता सापडणारं बटण किंवा नॉब द्या. सगळ्या मॉडेलमध्ये, बेस असो की टॉप. चकचकीत पाटीवर कोरलेलं चित्र म्हणजे बटण नव्हे, ते ओल्या बोटाला कळत नाही.

२. अपडेट पाठवताना गाडी चालवायच्या गोष्टींच्या जागा बदलू नका. बदलायच्याच असतील तर आधी विचारा, आणि "जुनं होतं तसं ठेवा" असा पर्याय द्या. माझ्या घरातली भांडी रात्रीत येऊन कोणी हलवली तर मी पोलिसांत जाईन.

३. प्रत्येक सर्व्हिसिंगला हेडलाईटची लेव्हल तपासा आणि जॉब कार्डवर लिहा. सध्या तिथे परफ्युम आणि टेफ्लॉन कोटिंग लिहिलेलं असतं.

४. मी एखादा बीप बंद केला तर तो बंद राहू द्या. कायद्याने सक्तीचे सोडून.

५. मराठी. आणि बाकीच्या भाषा पण, कन्नडवाल्यांनी, तमिळवाल्यांनी काय पाप केलंय.

६. माझी गाडी आणि माझ्यासारख्यांच्या ज्या गाड्या आधीच विकून झाल्यात त्यांचं काय, त्याचंही उत्तर हवं. नॉब आता बसवता येणार नाही हे मला कळतं, मी मेंटेनन्सवाली आहे. पण स्क्रीनवर काच साफ करायचं चित्र कायम एकाच कोपऱ्यात, मोठं, एका टचवर, एवढं तर सॉफ्टवेअरने होईल? आणि स्टीअरिंगवर एक स्टारचं बटण आहे, ते सध्या रेडिओ स्टेशन बदलतं, ते काचेला जोडा. एका दुपारचं काम आहे.

सरकारलाही एक वाक्य. आपली भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून चालू आहे, गाडी आदळल्यावर आतल्या माणसाचं काय होतं याचे स्टार मिळतात, चांगलंच आहे, लोक आता स्टार विचारून गाडी घेतात. त्यात गाडी आदळू नये म्हणून डोळे रस्त्यावर किती राहतात याचेही मार्क धरा. स्वीडनच्या मासिकाला जमलं ते आपल्याला जमेल, पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, सगळी हत्यारं तिथे आहेत. टेस्ट घेताना फक्त ड्रायव्हरचं बोट ओलं करा. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यातली किती स्क्रीनमुळे गेली हे कोणी मोजलेलं नाही, आपल्या पंचनाम्यात तो रकानाच नसतो, "चालकाचा ताबा सुटल्याने" एवढंच लिहितात.

आणि ज्या कंपनीकडे माझी गाडी आहे त्यांच्यासाठी शेवटचं. जुलैतल्या तक्रारीचा नंबर माझ्याकडे लिहून ठेवलेला आहे, तुमच्या ॲपमध्ये तिच्यापुढे हिरव्या अक्षरांत "रिझॉल्व्हड" दिसतंय. ती आधी परत उघडा, जूनच्या पहिल्या पावसाच्या आत.

आपली,
वाई-शिरवळ रोज जाणारी एक गिऱ्हाईक